कान कुणाचे?

“पॅक-अपच्या आधी मला एक मिनिट द्या,” हे वाक्य गेल्या २५ वर्षांत मी किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. दिवसभराचं शूटिंग संपलेलं असतं. लाइटवाली मुलं दिवे उतरवायच्या तयारीत असतात, स्पॉटदादा चहाचे कप गोळा करत असतात, कलाकारांना मेकअप पुसून कधी एकदा घर गाठतो असं झालेलं असतं. नेमक्या त्या वेळी मी सगळ्यांना जागच्या जागी उभं करते. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, पिशवीची चेन ओढायची नाही. मला त्या खोलीचा आवाज घ्यायचा असतो.

युनिटमध्ये नवा आलेला एखादा मुलगा हमखास विचारतो, “ताई, पण इथे तर काहीच आवाज नाहीये.” मी काही न बोलता हेडफोन त्याच्या कानावर चढवते. अर्ध्या मिनिटात त्याचा चेहरा बदलतो. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेलं स्टूल, लांब रस्त्यावर गिअर बदलणारी बस, खिडकीच्या गजाला घासणारी फांदी आणि ह्या सगळ्याखाली खोलीचा म्हणून एक संथ, सपाट श्वास. आम्ही त्याला रूम टोन म्हणतो. संवादांचं संकलन करताना नको ते शब्द, खोकले, दिग्दर्शकाच्या सूचना काढून टाकाव्या लागतात आणि त्या फटीत हा श्वास भरावा लागतो. तिथे नुसती शांतता ठेवली तर प्रेक्षकाला क्षणभर थिएटरचा स्पीकरच बंद पडल्यासारखं वाटतं आणि तो गोष्टीतून बाहेर येतो.

स्वतंत्रपणे केलेल्या पहिल्याच कामात मी ते एक मिनिट मागितलं नव्हतं. भोरजवळच्या एका खेड्यातलं घर होतं. आई आणि मुलगा संध्याकाळी माजघरात बसून बोलतात, असा प्रसंग. मुलाचे संवाद आम्ही दुपारी चारला खिडक्या झाकून घेतले. आईचे घ्यायला सात वाजले आणि तोवर बाहेर रातकिडे सुरू झाले. शूटिंग करताना मला फक्त शब्द ऐकू येत होते, कारण माझं सगळं लक्ष शब्दांवर होतं. संकलनाच्या टेबलावर दोघांना एकापुढे एक लावलं, तर आई बोलायला लागली की रातकिडे सुरू आणि मुलगा बोलला की बंद. एका घरात बसलेली माणसं दोन गावांत बसल्यासारखी वाटत होती. आईच्या वाक्यांच्या मधल्या पाव-पाव सेकंदाच्या जागा शोधून, त्या जोडून रातकिड्यांची एक सलग पट्टी तयार करायला मला तीन रात्री लागल्या. तेव्हापासून ते मिनिट मी कुणालाही सोडत नाही, निर्माता घड्याळ दाखवत उभा असला तरी नाही.

माझं लहानपण कसब्यातलं, तांबट आळीच्या अगदी कडेचं. सकाळी आठ-साडेआठला ठोके सुरू व्हायचे. तांब्याच्या पत्र्याला गोलाई देतानाचा ठोका जड आणि भरीव. भांडं तयार झाल्यावर त्यावर मठारकाम चालायचं, म्हणजे चकचकीत हातोडीने एकाशेजारी एक सारखे ठसे उमटवत जायचं, तो ठोका चढ्या सुरातला आणि नेमका. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, तसा त्याचा आवाजही बदलत जातो. हे शास्त्र मला पुढे कळलं, कानाला मात्र ते आधीच ठाऊक होतं. आमच्याकडे कुणी पाहुणे आले की पहिल्या सकाळी दचकून उठायचे आणि म्हणायचे, “तुम्ही लोक राहता कसे इथे?” आम्हाला प्रश्नच कळायचा नाही, कारण आम्हाला ते ठोके ऐकूच येत नसत. उलट एखाद्या दिवशी आळी बंद असली, तर त्या दिवशी आम्हाला लवकर जाग यायची.

एकाच घरात एकाच वेळी पाहुण्यांच्या कानात गोंगाट आणि आमच्या कानात शांतता. माझ्या कामाचं सगळं मर्म मला ह्यात दिसतं. पडद्यावर आवाज कोणते आहेत, ह्याच्याआधी ते कोण ऐकतंय हे ठरवावं लागतं.

फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकत होते तेव्हा खांद्याला नाग्रा लटकवून फिरायचे. पाव इंची टेपचं ते स्विस यंत्र. त्याचा पट्टा खांद्यात रुतायचा, पण टेप फिरताना बघून मनाला जी खात्री वाटायची ती आज फाइल्स बघून वाटत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरून मी सायकलने आत शिरायचे, ती जागा मूळची प्रभातची. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये इन्स्टिट्यूट उभी राहिली. जिथे मी बूम धरायला शिकले, त्या स्टुडिओच्या भिंतींनी बोलपटाची सुरुवातीची वर्षं पाहिली आहेत. पार्श्वगायन रुळण्यापूर्वी नट स्वतः कॅमेऱ्यापुढे गायचे आणि वादक चौकटीच्या बाहेर, झाडाआड, पडद्याआड बसून साथ करायचे. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वेळी जमलं तर जमलं. आज मी नटाच्या छातीवर चिकटपट्टीने शेंगदाण्याएवढा माइक लावते, तेव्हा त्या वादकांची मला फार आठवण येते.

आमचे एक शिक्षक होते. आम्ही कुठलाही सराव करून दाखवला, की ते एकच विचारायचे, “हे कोण ऐकतंय?” रस्त्याचा आवाज लावलाय, छान आहे, पण कोण ऐकतंय? पात्र ऐकतंय, का खोलीत नसलेलं कुणी, का नुसता प्रेक्षक? पहिल्या वर्षी ह्या प्रश्नाचा राग यायचा. मग एका संध्याकाळी फिल्म अर्काइव्हमध्ये ‘कुंकू’ पाहिला.

‘कुंकू’ १९३७ चा. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, कथा ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरची. तरण्या मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलेलं आणि ती मुलगी हे लग्न लग्न म्हणून मान्य करायलाच नकार देते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब. संगीत केशवराव भोळ्यांचं. पण ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण त्यांची साथ प्रसंगातूनच येते, नीरा ग्रामोफोनची तबकडी लावते आणि तिच्यासोबत गाते. बाकी सगळे आवाज त्या घराचे. त्यात भिंतीवरचं मोठं घड्याळ. त्याचा लंबक बघताना आणि टोले ऐकताना काकासाहेबांचं वय कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. नाटकाच्या ऑर्गन-तबल्याची सवय झालेला प्रेक्षक, दर दहा मिनिटांनी पद हवं असलेला. अशा काळात, हाताशी भोळ्यांसारखा संगीतकार असताना, त्याच्याकडून पार्श्वसंगीत करून घ्यायचं नाही असं ठरवायला केवढी हिंमत लागली असेल! आणि भोळ्यांनी ते मानलं, ह्याचं मला शांतारामबापूंच्या निर्णयाइतकंच मोल वाटतं. त्या दिवशी थिएटरबाहेर पडताना मला शिक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं. त्या घरातलं घड्याळ नीरा ऐकत असते. नको असलेल्या घरात अडकलेल्या बाईच्या कानाला दुपारभर दुसरं काय ऐकू येणार? व्हायोलिन वाजवलं असतं तर आम्ही तिची कीव करत बसलो असतो. घड्याळ ऐकवलं म्हणून आम्ही तिच्या शेजारी जाऊन बसलो.

पुढे धंद्यात पडले आणि पहिली काही वर्षं डबिंगमध्ये गेली. मराठी चित्रपटांत लोकेशनवरचा आवाज वापरायची रीत कितीतरी वर्षं नव्हतीच. कॅमेरे घरघरायचे, बघ्यांची गर्दी आवरायची नाही, पैसे आणि वेळ दोन्ही कमी. मग शूटिंगच्या वेळचा आवाज फक्त खुणेपुरता आणि खरा आवाज नंतर काचेच्या खोलीत उभं राहून, पडद्यावरच्या ओठांकडे बघत दिलेला. डबिंगमध्ये जीव ओतणारे नट मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण शेतात धावून आलेल्या माणसाची धाप एसी लावलेल्या खोलीत कितीही छान केली, तरी तिच्यात ऊन येत नाही. आता सिंक साउंड, म्हणजे शूटिंग होतानाच मुद्रित केलेला आवाज, बराच रुळलाय आणि मला तो पुण्यात घ्यायचा असतो, म्हणजे अडचणी आल्याच. फ्रिज बंद करायचा आणि जाताना पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून स्कूटरची किल्ली त्याच्यातच ठेवायची. फेब्रुवारीपासून कोकीळ. लोहगावच्या विमानांची वेळ सांगता येत नाही. आणि आषाढ-श्रावणात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले, की संध्याकाळचे बाहेरचे प्रसंग लावूच नका असं मी प्रॉडक्शनला आधीच सांगते. त्या ढोलांचा राग मला कधीच आला नाही, अंगावर काटा आणणारा आवाज आहे तो. फक्त त्याच्यापुढे दुसरं कुणी बोलू शकत नाही.

आता ज्या कामाबद्दल मला खरं लिहायचंय त्याकडे येते. काही वर्षांपूर्वीचा एक छोट्या खर्चाचा मराठी चित्रपट. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणारं म्हातारं जोडपं. नळाला पाणी पहाटे यायचं. आजोबा रात्री झोपण्यापूर्वी नळ उघडा टाकून त्याखाली तांब्याचा हंडा लावून ठेवायचे, म्हणजे पाणी आलं की आवाजाने जाग येईल. पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला ह्यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. आधी नळातून हवा सुसाटते. मग दोन-चार गुळण्या. मग धार हंड्याच्या बुडावर पडते आणि ठण्ण वाजते. पुढे पाण्यावर पाणी पडायला लागतं, हंड्यातली हवा कमी कमी होत जाते, तसा आवाज वर चढत जातो. अंधारात, डोळे न उघडता, हंडा किती भरला हे आमच्या आजीला कळायचं. तुमच्याही आजीला कळत असेल.

पटकथेत हा प्रसंग तीनदा होता. पहिल्या दोन वेळा सुसाट, गुळण्या, धार, चढणारा सूर, मग आजोबांच्या सपातांची फटफट आणि नळ बंद होतानाची किर्र. आजी कूस बदलून पुन्हा झोपते. तिसऱ्यांदा आजोबांचं तेरावं झाल्यानंतरची पहाट. रात्री आजीनेच, हात सवयीने गेला म्हणून, हंडा लावलेला. पाणी येतं. हंडा भरत जातो. आजी जागी आहे, पण उठत नाही. हंडा भरून वाहायला लागतो. बस एवढंच. संवाद नाही. कॅमेरा पूर्णवेळ माजघरात, आजीच्या चेहऱ्यावर. नळ, हंडा, मोरी काहीच दिसत नाही.

म्हणजे प्रसंग सगळा माझ्याकडे होता. हे कळल्यावर मला रात्री झोप येईना.

पहिली अडचण हंड्याची. कलाविभागाने आणलेला हंडा दिसायला झकास, पण पातळ पत्र्याचा, यंत्रावर दाबलेला. तो वाजायचा नाही, खडखडायचा. मी कसब्यात गेले. ओळखीच्या एका कारागिराकडे जुना, हाताने घडवलेला, दोन पिढ्या वापरलेला हंडा होता. त्यांनी बोटाच्या पेराने टिचकी मारून दाखवली आणि म्हणाले, “हा बोलतो, घेऊन जा.” तोच आम्ही आवाजासाठी वापरला. इतर प्रसंगांत पडद्यावर दिसणारा हंडा वेगळा आणि ऐकू येणारा वेगळा, हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

दुसरी अडचण जास्त खोल होती. मी नळाशेजारी माइक ठेवून सुंदर, स्वच्छ आवाज घेतला होता. तो चित्राला लावला आणि लगेच कळलं, हे खोटं आहे. एवढं स्वच्छ कोण ऐकतंय? मोरीत उभा असलेला माणूस. आणि तिथे तर कुणीच नाही! आजी माजघरात, कुशीवर झोपलेली. पुन्हा वाड्यात गेले. पहाटे चारला, म्हणजे बाहेरच्या रस्त्याची जागही खरी मिळेल. एक माइक मोरीच्या दारात, एक माजघराच्या मध्ये आणि तिसरा आजीच्या गादीवर, उशीच्या उंचीला. हा तिसरा ऐकताना मला सुचलं, की कुशीवर झोपलेल्या माणसाचा एक कान उशीत असतो. मी स्वतः त्या गादीवर झोपून पाहिलं. एका कानात पाण्याची धार, दुसऱ्यात कापसाची दबकी घुसमट आणि आपल्याच नाडीचे ठोके. बस, तो प्रसंग कसा ऐकू यायला हवा ते तिथे, त्या गादीवर ठरलं. आवाजाची धार बोथट ठेवायची, उंच सूर दाबायचे. हंडा वाहू लागतो तेव्हा आजी मान उचलते. त्या क्षणी कान उशीतून सुटतो आणि पाण्याचा सगळा आवाज एकदम मोकळा होतो. मोरीच्या फरशीवरून गटाराकडे जाणारं पाणीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा ऐकू येतं.

तिसरी अडचण सारंगी. संगीतकार आमच्याहून वयाने मोठे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांनी ह्या प्रसंगासाठी दीड मिनिटाची एक सारंगी केली होती. ती इतकी गोड होती, की स्टुडिओत पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शक तरुण मुलगा, पहिलाच चित्रपट. त्याला सारंगी पहिल्या फ्रेमपासून हवी होती. मिक्सिंगला बसलो तेव्हा त्याने सारंगी वर घ्यायला सांगितली. मी घेतली. हंडा खाली गेला. मग म्हणाला, “ताई, पाणी पण हवं.” पाणी वर घेतलं. आता दोघं भांडायला लागले. हंड्याचा सूर चढत जातो, सारंगी आपल्या रागात उतरते, आणि कानाला दोन्ही नकोसं होतं.

मी म्हटलं, “एकदा सारंगी पूर्ण बंद करून बघू या?”

“इतकं रिकामं ठेवायचं? लोकांना कळायचं नाही, ताई.”

दादा मागच्या खुर्चीत बसले होते. इतका वेळ गप्प. ते म्हणाले, “बंद कर. मलाही ऐकू दे.”

सुसाट आली. गुळण्या. ठण्ण. धार. सूर चढत गेला. खोलीत आम्ही पाच माणसं होतो आणि मला माहीत आहे, पाचही जण सपातांची वाट बघत होतो. दोनदा ऐकलेली फटफट तिसऱ्यांदा यायलाच हवी, असं कानाने धरलेलं असतं. ती आली नाही. हंडा काठोकाठ आला, सूर एका जागी थबकला आणि पाणी बाहेर पडलं.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, तो माणूस नाहीये हे ऐकू येतंय. माझी सारंगी एवढं नाही सांगू शकत.” ते उठून पेटीपाशी गेले. हंडा जिथे थबकतो तो सूर त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाजवायला लावला आणि पट्ट्यांवर शोधला. काळी दोनच्या जरासा वर. सारंगी त्यांनी टाकून दिली नाही. वादकाला बोलावून तार त्या सुराला मिळवून घेतली आणि पुढच्या प्रसंगात, आजी नळ बंद करून ओट्यावर येऊन बसते तिथे, अगदी हलक्या हाताने सुरू केली. हंड्याने सोडलेला सूर सारंगीने उचलला. संगीत आलं ते कुठून आलं, हे कुणाला कळतही नाही. चित्रपटात संगीताचा ह्याहून देखणा प्रवेश मी माझ्या कामात तरी ऐकलेला नाही.

हे लिहिताना भास्कर चंदावरकरांची आठवण होते. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, माझ्या कितीतरी आधी, १९६५ पासून जवळजवळ १५ वर्षं त्यांनी इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवलं. मूळचे सतारिये, रविशंकरांचे शिष्य. ‘घाशीराम कोतवाल’चं संगीत त्यांचं, ‘सामना’चं त्यांचं आणि २००४ च्या ‘श्वास’चंही त्यांचंच. दृष्टी जाणार असलेल्या मुलाची ती गोष्ट. ज्याला पुढे सगळं जग कानांनीच बघायचंय, त्या मुलाच्या चित्रपटात आवाजांना जागा करून द्यावी लागते, हे चंदावरकरांसारख्या माणसाला सांगायची गरज नव्हती. रविशंकरांच्या तालमीत तयार झालेला माणूस वाद्य कुठे थांबवायचं ते जाणतो. त्यांचं ‘वाद्यवेध’ हे पुस्तक माझ्या टेबलावर कायम असतं.

मला संगीत नको असतं असा कुणी अर्थ काढू नये. ‘सैराट’ पाहा. अजय-अतुल यांनी ती गाणी लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या सिंफनी वाद्यवृंदासोबत मुद्रित केली. करमाळ्याच्या शिवारात धावणाऱ्या पोरासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद! कागदावर हे विसंगत वाटेल. पण ते संगीत कुणाच्या कानात वाजतंय? परश्याच्या. विहिरीत उडी मारणाऱ्या, प्रेमात पडलेल्या त्या मुलाला स्वतःचं गाव तेवढंच भव्य ऐकू येत असतं. तो आणि त्याची प्रेयसी पळून हैदराबादला जातात, झोपडीत राहतात, भांडतात, तेव्हा तो वाद्यवृंद मागे राहतो. आणि शेवटच्या प्रसंगात दिग्दर्शक नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. त्यांचं लहानगं मूल रक्तात पाय भरवून बाहेर चालत येतं आणि थिएटरमध्ये काहीही ऐकू येत नाही. २०१६ मध्ये मी तो पुण्यात भरलेल्या थिएटरात पाहिला. मध्यंतरापूर्वी खुर्च्यांवर उभे राहून नाचणारे लोक त्या क्षणी श्वास घ्यायला कचरत होते. पॉपकॉर्नच्या पिशवीचा आवाजही कुणी होऊ दिला नाही.

त्याच दिग्दर्शकाच्या ‘फँड्री’तलं राष्ट्रगीतही असंच. जब्या नावाच्या मुलाचं कुटुंब डुकरामागे धावतंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे ताठ उभे राहतात. डुक्कर मोकळं. ज्या सुरांना उभं राहायची आपल्याला लहानपणापासून सवय, ते त्या घरच्या माणसांच्या कानांनी ऐकायची वेळ प्रेक्षकावर पहिल्यांदा येते. एकही वाद्य वेगळं लावलेलं नाही, फक्त ऐकणाऱ्याची जागा बदललीय.

मला त्रास होतो तो भीतीपोटी लावलेल्या संगीताचा. “इथे गॅप आहे, भरून टाका,” हे वाक्य मी दर दुसऱ्या मिक्सिंगला ऐकते. बाई दार उघडते, संगीत. पत्र वाचते, संगीत. रडते, तिच्याआधी व्हायोलिन रडतं. प्रेक्षक मोबाइल काढेल ह्या धास्तीने त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. पण ज्या घरात शब्दांपेक्षा भांड्यांच्या आदळण्यावरून राग ओळखला जातो, जिथे कुकरच्या शिट्टीवरून कुणाकडे डाळ शिजतेय ते कळतं, तिथला प्रेक्षक ऐकण्यात कच्चा कसा असेल? त्याच्या कानांवर विश्वास ठेवायला हवा, असं मी जिथे तिथे भांडून सांगते. कधी ऐकतात, बऱ्याचदा नाही.

एका वर्षी वारीचे आवाज घ्यायला गेले होते. पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी फर्ग्युसन रस्त्यावर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक माइक लावला. वरून हजारो टाळांचा मिळून एकच आवाज होतो, पावसासारखा, त्याला ना सुरुवात ना शेवट. मग खाली उतरले आणि एका दिंडीत शिरून चालू लागले. शेजारी साठीच्या एक माउली होत्या. त्यांच्या टाळांचा एक काठ किंचित चेपलेला, त्यामुळे दर ठोक्याला मागून बारीकशी थरथर यायची. दोन ठोक्यांच्या मध्ये त्यांचा श्वास, आणि ओल्या डांबरावर अनवाणी पाऊल. गॅलरीतून हे काहीच कळत नव्हतं. ज्या चित्रपटासाठी गेले होते, त्यात बघ्यांचा प्रसंग होता, म्हणून गॅलरीतला आवाज लागला. माउलींचे टाळ मी जपून ठेवलेत. त्यांची गोष्ट कुणीतरी कधीतरी करेल.

हंड्याचा तो चित्रपट फार चालला नाही. शहरातल्या महोत्सवांत कौतुक झालं, चांगल्या थिएटरांत आमचा उशीतला कान बरोबर ऐकू आला. नंतर एका तालुक्याच्या गावी त्याचा खेळ लागला, म्हणून दिग्दर्शकासोबत मीही गेले. जुनं एकपडदा थिएटर, भिंतीवर दोन्ही बाजूंनी मोठे पंखे, त्यांची घरघर चालू. एका बाजूचा स्पीकर दमलेला. तिसरी पहाट जवळ आली तसे माझे हात गार पडले. मी दाबून ठेवलेले सूर त्या पंख्यांपुढे टिकणं शक्यच नव्हतं. सुसाट तर ऐकूच आली नाही. गुळण्या नाहीत. ठण्ण तेवढं आलं, पंख्यांच्या वरून. मग तांब्याचा सूर हळूहळू वर निघाला, पंख्यांच्या घरघरीतून डोकं काढत. मी डोळे मिटून घेतले.

माझ्या पुढच्या रांगेत नऊवारीतल्या दोन बायका बसल्या होत्या. हंडा काठाला आला. त्यातली एक खुर्चीतून पुढे वाकली आणि पडद्यावरच्या आजीला, शेजारणीला सांगावं तसं, हळूच म्हणाली, “भरला गं. ऊठ, भरला.”